१३ मैलांचं टोक

मेरीलँडमधल्या एलिकॉट सिटीतलं जुनं रेल्वे स्टेशन आता संग्रहालय आहे, आणि येणाऱ्यांना ते हिंडून दाखवायला तिथे स्वयंसेवक लागतात. नोकरीतून मोकळी झाल्यावर मी अर्ज केला. 'हेच काम का करावंसं वाटतं?' या प्रश्नाखाली मी लिहिलं, 'माहेर ठाण्याचं आहे.' वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळलं नसणार. पण माझ्या दृष्टीने उत्तर पूर्ण होतं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून सुटलेली गाडी जिथे येऊन थांबली ते माझं गाव. आणि त्याच्या २३ वर्षं आधी, मे १८३० मध्ये, बाल्टिमोरहून निघालेली रेल्वे आधी जिथपर्यंत पोचली होती ते हे गाव, तेव्हाचं एलिकॉट्स मिल्स. आपला पहिला टप्पा २१ मैलांचा, यांचा १३ मैलांचा.

अर्जानंतर पार्श्वभूमीची तपासणी झाली, कारण शाळांच्या सहली येतात. मग जाडजूड फाइल हातात आली. ती घरी नेऊन वाचायची, जुन्या गाइडच्या मागे मागे हिंडायचं, एकेक खोली आपण बोलून बघायची, आणि शेवटी शिकवणाऱ्या बाईंना अख्खी फेरी करून दाखवायची, असा सगळा क्रम होता. फेरी पंचेचाळीस मिनिटांची. ऐकणाऱ्यांत लहान पोरं असली तर अर्ध्या तासात आटपायची.

पहिला धडा इमारतीच्या बाहेर झाला. बाईंनी आम्हा नव्या लोकांना मेन स्ट्रीटवर उभं केलं आणि विचारलं, "रूळ कुठे आहेत?" रूळ डोक्यावर होते. रस्ता पुलाखालून पटाप्स्को नदीकडे जातो आणि गाडी पुलावरून. रस्त्यावरून बघितलं तर स्टेशन चांगलं दोन मजली, भक्कम ग्रॅनाइटचं. रुळांच्या बाजूने बघितलं तर बैठं घर. कोकणात उतारावरच्या घराला मागच्या अंगणातून थेट माडीवर जाता येतं ना, अगदी तसं. रेल्वेला चढउतार नको होता, म्हणून कंपनीने नदीच्या काठाकाठाने, जमेल तितकी सपाट वाट धरली आणि फ्रेडरिकला जाणारा रस्ता दगडी पूल बांधून ओलांडला. साहजिकच स्टेशनचा कामाचा मजला वरचा झाला. इंजिनं आल्यावर ती वरच्या मजल्यावर थेट इमारतीत घ्यायचे आणि कामगार खाली उभे राहून वर बघत दुरुस्ती करायचे. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की भिंती इतक्या जाड का, हे कुणाला विचारावं लागत नाही.

बाईंचं म्हणणं असं, की लोक संग्रहालयात आले की काचेच्या पेटीकडे धावतात. इथे पेटीत ठेवण्यासारखं फार थोडं आहे. वस्तू म्हणजे इमारतच, तेव्हा आधी ती दाखवा. मला हे पटायला वेळ लागला नाही, पण करायला लागला. बोलताना माणूस पटकन इंजिनांकडे वळतो.

आणि ही इमारत मुळात प्रवाशांसाठी बांधलेलीच नाही. तिचं काम १८३०-३१ चं, आणि ती मालासाठी होती. एलिकॉट हे क्वेकर पंथाचे तिघे भाऊ, जोसेफ, अँड्र्यू आणि जॉन. त्यांनी १७७२ मध्ये पटाप्स्कोच्या पाण्यावर पिठाच्या गिरण्या काढल्या. तोवर आसपासचे शेतकरी तंबाखू लावायचे. तंबाखूने जमिनीचा कस गेलेला. एलिकॉट भावांनी त्यांना गव्हाकडे वळवलं. पन्नास वर्षांनी इथे पिठाचं मोठं केंद्र झालं होतं, आणि ते पीठ बाल्टिमोर बंदरापर्यंत घोड्यांच्या गाड्यांतून खडखडत जात होतं. इकडे १८२५ मध्ये न्यूयॉर्कवाल्यांचा ईरी कालवा पुरा झाला आणि पश्चिमेकडचा माल तिकडे वळायला लागला. बाल्टिमोरचे व्यापारी घाबरले. त्यांच्या गावाला कालव्यासाठी सोयीची नदी नव्हती, म्हणून १८२७ मध्ये त्यांनी रेल्वे कंपनी काढली: बाल्टिमोर अँड ओहायो, म्हणजे बी अँड ओ. ४ जुलै १८२८ ला पायाचा दगड बसवला चार्ल्स कॅरल यांनी. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्यांपैकी तेवढे एकच तेव्हा हयात होते, वय नव्वद. त्याच दिवशी वॉशिंग्टनजवळ चेसापीक अँड ओहायो कालव्याचंही भूमिपूजन झालं. दोघांनाही डोंगर ओलांडून ओहायो नदी गाठायची होती. रेल्वेने ती गाठली १८५२ च्या अखेरीस; कालवा कंबरलँडलाच थांबला.

तर पहिले पैसे मिळणार कुठून? पिठातून. म्हणून पहिलं टोक इथे. ही एवढी साधी गोष्ट, पण ती सांगताना समोरच्यांचे चेहरे पडतात. त्यांना टोप्या घातलेली माणसं, शिट्टी, रुमाल हलवणारी बाई असं काहीतरी हवं असतं. पिठाच्या पिंपाचं कुणाला कौतुक? मी एक युक्ती केली. मालाच्या खोलीत गेल्यावर सांगायला लागले की आपल्याकडेही पहिल्या रेल्वेमागे मँचेस्टरच्या कापडगिरण्या होत्या. त्यांना दख्खनचा कापूस बंदरावर हवा होता, ठाण्याच्या लोकांची चिंता नव्हती. अमेरिकन माणसाला ठाणे माहीत नसलं तरी कापूस लगेच कळतो.

फाइलमध्ये एक पान नुसतं 'काय म्हणायचं आणि काय नाही' याचं होतं. जगातलं सर्वांत जुनं स्टेशन असं म्हणायचं नाही. मँचेस्टरचं लिव्हरपूल रोड स्टेशन १८३० चं आहे, आजही उभं आहे, आणि तेही आता संग्रहालयाचाच भाग आहे. बाल्टिमोरच्या माउंट क्लेअर स्टेशनची जागा इथल्यापेक्षा जुनी, पण तिथली आजची इमारत नंतरची. तेव्हा 'अमेरिकेतलं शिल्लक असलेलं सर्वांत जुनं रेल्वे स्टेशन' इतकं म्हणायचं आणि गप्प बसायचं. १९६८ मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. विशेषणांची ही काटकसर मला आवडली. आपल्याकडे कुठल्याही किल्ल्यावर गेलं की आशियातलं सगळ्यात मोठं काहीतरी निघतंच.

मग टॉम थम नावाचं इंजिन. या स्टेशनात येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने शाळेत ती गोष्ट वाचलेली असते: पीटर कूपरचं चिमुकलं वाफेचं इंजिन आणि करडा घोडा यांची शर्यत लागली, इंजिन पुढे गेलं, आणि ऐन वेळी पंख्याचा पट्टा निसटून घोडा जिंकला. शर्यत वाटेतल्या रिले या ठिकाणाहून बाल्टिमोरकडे जाताना झाली असं सांगतात. आता यातलं पक्कं किती? कूपर यांनी इंजिन बनवलं, हे नक्की. बॉयलरच्या नळ्या म्हणून त्यांनी बंदुकीच्या नळ्या वापरल्या, हेही. ऑगस्ट १८३० मध्ये ते कंपनीच्या संचालकांना घेऊन बाल्टिमोरहून इथवर आलं आणि परत गेलं, एकेक बाजू साधारण तासाभरात. शर्यतीचं तपशीलवार वर्णन मात्र जॉन लॅट्रोब यांचं. ते कंपनीचे वकील. आणि त्यांनी ते सांगितलं १८६८ मध्ये, म्हणजे अडतीस वर्षांनी. एवढी गाजण्यासारखी शर्यत झाली असती तर त्या वेळच्या वर्तमानपत्रांत तिचा काही गवगवा नसता का झाला, असं बरेच अभ्यासक विचारतात.

मग गाइडने काय करायचं? आमच्यातल्या एका गृहस्थांचं मत होतं की गोष्ट रंगवून सांगावी, लोक सुट्टीच्या दिवशी येतात, त्यांचा विरस कशाला. मला ते पचेना. शेवटी मला लॅट्रोब यांच्याच आठवणींत एक तुकडा सापडला, आणि तो शर्यतीपेक्षा सरस आहे. ते लिहितात की गाडी ताशी १८ मैलांवर गेली तेव्हा डब्यातल्या काही गृहस्थांनी खिशातून वह्या काढल्या आणि आपापली नावं, काही वाक्यं लिहिली. एवढ्या वेगातही माणसाला लिहिता येतं, हे सिद्ध करायला. १८ मैल म्हणजे २९ किलोमीटर. हे सांगितलं की लोक शर्यत विसरतात. मी पोरांना चालता चालता वहीत नाव लिहायला लावते. शर्यत कुणी विचारलीच तर सांगते: वकिलांनी अडतीस वर्षांनी सांगितलेली आठवण आहे, तुम्हीच ठरवा.

खरं तर सुरुवातीचं वर्षभर इंजिनाचा प्रश्नच नव्हता. गाड्या घोडे ओढायचे. अर्ध्या वाटेवर जिथे घोडे बदलायचे त्या जागेला आजही रिले म्हणतात. कंपनीने काय काय करून पाहिलं! डब्यात चालत्या पट्ट्यावर घोडा उभा करून त्याच्या चालण्याने चाकं फिरवायची एक तऱ्हा. डब्याला शीड लावून वाऱ्यावर गाडी हाकायची दुसरी. मग जानेवारी १८३१ मध्ये जाहिरात दिली: साडेतीन टनांपेक्षा जड नसलेलं, कोळशावर चालणारं इंजिन आणा, ४,००० डॉलर बक्षीस. ते पटकावलं फिनिअस डेव्हिस यांच्या 'यॉर्क' या इंजिनाने. ते पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्क गावचे घड्याळजी. शाळेच्या मुलांना यातलं सगळ्यांत काय आवडतं, तर घोडे. आणि त्यांचा ठरलेला प्रश्न: शेण कोण काढायचं? फाइलमध्ये याचं उत्तर नाही.

रूळही आजच्यासारखे नव्हते. दगडाच्या नाहीतर लाकडाच्या लांब तुळया आणि त्यांवर लोखंडाची पट्टी ठोकलेली. दगड तर कायमचा टिकेल, अशी कंपनीची अटकळ. टिकला, पण तो दबत नाही, आणि थंडीत जमीन फुगली की जागचा हलतो. वजनदार इंजिनं आल्यावर तो प्रकार आवरावा लागला. त्यावर मी दोनच वाक्यं बोलते. रुळांची आवड असलेला माणूस गटात असेल तर तो पुढचं स्वतःच सांगतो, आणि असा एक माणूस प्रत्येक गटात असतो.

प्रवाशांसाठी धड सोय झाली १८५६ मध्ये. तेव्हा वरच्या मजल्यावर प्रतीक्षागृहं केली, बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं. तोवर पंचवीस वर्षं माणसं कुठे थांबायची? पावसात, नाहीतर जवळच्या खाणावळीत. मुंबईच्या बाईला बायकांचा वेगळा डबा परका नाही, त्यामुळे ही खोली मला सोपी जाईल असं बाईंना वाटलं होतं. मला तीच सगळ्यांत अवघड गेली. कारण 'बायका' म्हणजे कोणत्या बायका? मेरीलँड गुलामगिरीचं राज्य होतं, ते १८६४ पर्यंत. अमेरिकेच्या यादवी युद्धात, त्याच वर्षी जुलैमध्ये, मोनोकसीच्या लढाईत हरलेली उत्तरेची फौज याच गावात माघारी आली. गुलामगिरी गेली तरी १९०४ मध्ये मेरीलँडने कायदा करून रेल्वेत गोऱ्यांचे आणि काळ्यांचे डबे वेगळे केले. विल्यम हार्ट नावाचे हॉवर्ड विद्यापीठातले कायद्याचे कृष्णवर्णीय प्राध्यापक न्यूयॉर्कहून वॉशिंग्टनला निघाले होते. मेरीलँडच्या हद्दीत त्यांनी डबा बदलायला नकार दिला. दंड झाला, तो त्यांनी भरला नाही. वरच्या कोर्टात गेले, आणि १९०५ मध्ये कोर्टाने ठरवलं की राज्याबाहेरून येऊन राज्याबाहेर जाणाऱ्या उतारूला हा कायदा लागू नाही. राज्यातल्या राज्यात फिरणाऱ्यांवर तो तसाच राहिला. म्हणजे या स्टेशनातून बाल्टिमोरला जाणाऱ्यांवर.

हे माझ्या फेरीत असावं, असं मी बाईंना सांगितलं. त्यांनी हो-नाही न म्हणता सांगितलं, "लिहून आण, कागद दाखव, आणि दोन मिनिटांत बसव." दोन मिनिटांत बसवणं फारच कठीण गेलं. मी लिहिलेलं घरी मोठ्याने वाचत होते आणि नवरा घड्याळ धरून बसला होता. लेस लावलेल्या पडद्यांबद्दलचं सगळं गाळलं तेव्हा जागा झाली. काही जण तिथे अस्वस्थ होतात, घड्याळ बघतात. एक म्हातारी आफ्रिकन-अमेरिकन बाई मात्र फेरी संपल्यावर थांबली आणि आपली आजी याच मार्गावर कोणत्या डब्यात बसायची ते सांगून गेली.

पुराचा भाग उलट आहे. तिथे मी बोलतच नाही म्हटलं तरी चालेल, लोकच बोलतात. गाव अरुंद दरीत, उतार दोन्हीकडून, जमिनीखाली खडक. टायबर नावाचा ओढा घरांच्या आणि दुकानांच्या पोटाखालून जाऊन शेवटी पटाप्स्कोला मिळतो. २४ जुलै १८६८ ला नदी चढली तेव्हा चाळीसेक माणसं गेली, गिरण्या गेल्या, रेल्वेचा खालच्या अंगाचा पॅटरसन पूल गेला. १९७२ मध्ये ॲग्नेस वादळाने पुन्हा नदी चढली. ३० जुलै २०१६ ला मात्र नदीने नाही, ओढ्याने घात केला. दोन तासांत सहा इंचांच्या आसपास पाऊस, मेन स्ट्रीटवरून मोटारी वाहून गेल्या, दोघांचा जीव गेला. गाव उभं राहतंय तोच २७ मे २०१८ ला पुन्हा तेच, आणि लोकांना वाचवायला गेलेला एक सैनिक वाहून गेला. सहा इंच, म्हणजे दीडशे मिलिमीटर, हा आकडा ऐकून मुंबईकर हसेल. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ पडला होता. पण मिठीला पसरायला निदान खाडी होती. इथे सगळं पाणी एका रस्त्यात येतं आणि त्या रस्त्याच्या तळाशी आमचं स्टेशन. गावातल्या माणसाला पाण्याचा आकडा सांगायचा नाही, ही शिकवणीतली एक सूचना होती. त्यांना तो पाठ असतो.

२०१२ च्या अपघाताचंही तसंच. ऑगस्टमध्ये मध्यरात्रीच्या सुमाराला ८० डब्यांची कोळशाची गाडी इथून जात होती, रूळ तुटला, २१ डबे घसरले आणि पुलावर बसलेल्या १९ वर्षांच्या दोन मुली कोळशाखाली गेल्या. कुणी विचारलं तर सांगायचं, आपण होऊन काढायचं नाही.

कारण हा मार्ग बंद नाही. प्रवासी गाडी १९४९ मध्ये बंद झाली, ॲग्नेसच्या पुरानंतर स्टेशनातला मालाचा कारभारही आटोपला, आणि गावकऱ्यांनी हात घालून सत्तरच्या दशकात इमारतीचं संग्रहालय केलं. पुढे नव्वदच्या दशकाच्या शेवटी दुसरी मोठी डागडुजी झाली आणि तिला १८५७ च्या सुमाराचं रूप दिलं. आता हॉवर्ड काउंटी ते चालवते. पण रूळ सीएसएक्स कंपनीचे, आणि त्यावरून मालगाड्या आजही जातात. गाडी आली की बोलणं थांबवायचं. काचा थरथरतात, बोर्डावरची चित्रं हलतात, लोक खिडकीला चिकटतात. शेवटचा डबा गेल्यावर गाइडने आधी कुठे थांबलो होतो ते आठवायचं असतं. मी पत्ता लागावा म्हणून बोट त्या फलकावर ठेवूनच उभी राहते.

भायखळ्याचं नाव मी इथे मुद्दाम काढते. १८५७ ची इमारत, डागडुजी होऊन २०२२ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला, आणि रोज लोकलची गर्दी तिच्यातून जाते. स्टेशनाचं संग्रहालय करणं म्हणजे एका अर्थी त्याची नोकरी गेल्याची कबुली, असं माझं मत आहे. बाईंना ते मान्य नाही. त्या म्हणतात, भायखळ्याला शांतपणे भिंत बघायला किती जण थांबतात?

मालाच्या गोदामाची इमारत १८८५ ची. तिच्यात या १३ मैलांचं चाळीस फुटी छोटं रूप मांडलंय: बाल्टिमोरपासून इथवर, पूल, गिरण्या, सगळं. पोरांना शेवटी तिथे नेऊन सोडायचं, म्हणजे गाइडची सुटका.

अखेरची चाचणी झाली, नाव यादीत लागलं. त्यानंतर आमच्या मंडळातल्या काही कुटुंबांकडे भारतातून आई-वडील आले होते, त्यांच्यासाठी मी मराठीत एक फेरी केली. इंग्रजीत जी वाक्यं सुरळीत यायची ती तिथे आलीच नाहीत. मी कागद बाजूला ठेवला आणि सरळ ठाणे-बोरीबंदरपासून सुरुवात केली. साहेब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं एका आजोबांनी माझ्याआधी सांगून टाकली. ते मध्य रेल्वेत होते. त्यांनी पिठाचं, घोड्यांचं, प्रतीक्षागृहाचं सगळं ऐकून घेतलं, भिंतीवर हात फिरवला, आणि विचारलं, "मग आता बाल्टिमोरला जायला कितीची गाडी आहे?"

नाही, काका. १९४९ नंतर नाही. नदीपलीकडून ९ नंबरची ट्रॅम यायची केटन्सव्हिलहून, तीही १९५५ मध्ये गेली. तिच्या वाटेवर आता फिरायचा रस्ता केलाय.

"म्हणजे एवढी माणसं राहतात आणि सगळे मोटारीने जातात?"

सगळे. "मग पार्किंगला काय देतात?" काकूंनी विचारलं, आणि पुढची दहा मिनिटं सगळे त्यावरच बोलत होते.